काकवीपर्यंत चालतंय

ऑइल कूलर बसवायला मेस्त्रींनी आधी साफ नकार दिला. “बसवायला काय, अर्ध्या दिसाचं काम. पर गाडी आपसूक तापत्या का कोण तापवतंय, ते आधी बघू द्या मला,” असं म्हणून त्यांनी माझ्या बुलेटची चावी खिशात टाकली आणि मला एसटीनं गगनबावड्याला परत पाठवलं. २०११ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्या नकारापासून पुढं जे जे घडलं त्याचं देणं माझ्यावर आहे, आणि ते फिटणारं नाही हे मला त्याच वर्षी कळून चुकलं.

मी पशुवैद्य. नोकरीची बहुतेक वर्षं गगनबावडा आणि राधानगरी तालुक्यांतल्या डोंगरात गेली. माणूस आजारी पडला तर त्याला बाजेवर घालून का होईना, दवाखान्यात आणता येतं. व्यायलेली म्हैस गोठ्यात आडवी झाली की डॉक्टरलाच तिच्यापर्यंत जावं लागतं. दुग्धज्वरात जनावराच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं, मान पोटाकडं वळते, कान गार पडतात. वेळेत पोहोचून शिरेतून कॅल्शियम दिलं, तर तेच जनावर बघता बघता उठून उभं राहतं. उशीर झाला तर हातचं जातं. एका म्हशीच्या दुधावर ज्या घराचा किराणा आणि पोरांची फी चालते, तिथं डॉक्टर कधी पोहोचतो याला औषधाइतकंच मोल असतं.

माझ्याकडं १९८६ सालची साडेतीनशेची बुलेट होती. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनिअमचं हेड, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. मागच्या कॅरिअरला औषधांची पेटी, बाजूला कृत्रिम रेतनाच्या मात्रा ठेवायचा नायट्रोजनचा कॅन, आणि वाट दाखवायला आलेला जनावराचा मालक बहुधा मागं बसलेला. त्या कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. त्याच्यापासून हातभर अंतरावर माझं इंजिन मे महिन्याच्या उन्हात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर डोंगर चढत असायचं.

त्या मे महिन्यात करूळ घाट चढताना एका वळणावर इंजिनाचा आवाज जड झाला, मूठ पिळली तरी ओढ येईना, आणि मागचं चाक क्षणभर घासटत जाऊन गाडी बंद पडली. पिस्टन धरला होता. सावलीत उभी करून गार झाल्यावर किक बसली, पण वर एका धनगरवाड्यावर अडलेल्या गाईकडं मला दुसऱ्याच्या मोटरसायकलवरून जावं लागलं. गाय वाचली, वासरूही वाचलं. माझा मात्र त्या इंजिनावरचा भरवसा गेला, आणि पुढच्या रविवारी मी उद्यमनगर गाठलं.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही. फौंड्र्या, लेथ, ऑइल इंजिनांचे सुटे भाग, उसाच्या चरकांची दुरुस्ती, आणि या सगळ्याच्या मधून वाट काढत जाणारे चहाचे पेले. जगात कुठलाही भाग मिळेनासा झाला तर तो इथं कुणीतरी करून देतो, असा आम्हा कोल्हापूरकरांचा विश्वास आहे, आणि तो वावगा नाही. त्या गल्ल्यांत मेस्त्रींचं एका शटरचं गॅरेज होतं. बुलेटशिवाय दुसऱ्या गाडीला ते सहसा हात लावत नसत.

मेस्त्रींचे वडील गुळव्या होते. पन्हाळ्याच्या बाजूला एका गुऱ्हाळावर ते हंगामभर असत आणि पोरगा त्यांच्या हाताखाली. गुऱ्हाळावर गुळव्याचा शब्द शेवटचा. चुलाणावर काहील चढली, भेंडीच्या पाण्यानं मळी वर आली, ती काढली, रस आटायला लागला, की पुढचं सगळं त्याच्या नजरेवर. साधारण १०५ अंशांना काकवी काढतात. ११८ च्या आसपास गूळ होतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी होते का बघायचं, झाली की काहील उतरवून वाफ्यात ओतायची. तेवढ्यात उशीर झाला तर गूळ काळा पडतो आणि शेतकऱ्याचं वर्ष त्यात जातं. मेस्त्री तिथून उद्यमनगरात आले ते चौदाव्या-पंधराव्या वर्षी, पण उष्णतेचं त्यांचं शिक्षण काहिलीच्या काठावर झालं होतं. त्यांनी एकदा मला सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं: “डॉक्टर, रस उतू जायला लागला की येडा माणूस वरनं पाणी मारतोय. शाणा आधी चुलाणात किती जाळ हाय ते वाकून बघतोय.”

माझ्या गाडीचं त्यांनी तसंच केलं. मी आठवड्यानं गेलो तेव्हा त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. पॉइंटच्या खालच्या अॅडव्हान्स युनिटची एक स्प्रिंग गंजून अडकली होती, त्यामुळं ठिणगी उशिरा पडत होती. उशिरा पेटलेलं पेट्रोल पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या बाजूनं हेड भाजत राहतं. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला गॅस्केट एका कडेनं हवा ओढत होता, म्हणून मिश्रण विरळ. मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते. तेलाच्या पंपाच्या डिस्कवर ओरखडे होते. त्या त्यांनी काचेवर बारीक पेस्ट टाकून गोल गोल घासून सपाट केल्या होत्या. “ह्यातलं कायबी कूलरनं बरं झालं नसतं,” ते म्हणाले. “उलट कूलर लावला आसता, तर हे सगळं झाकून राहिलं आसतं.”

नंतर ते जे बोलले त्यासाठी मी तयार नव्हतो. “आता घाट चढून बघू. मी येतो मागं बसून.”

मेस्त्री रविवारी गॅरेज बंद ठेवून कुठं गेल्याचं कुणाला माहीत नव्हतं. त्या रविवारी ते आले. त्यांच्या खिशात पितळी नळीतला एक लांब थर्मामीटर होता, भावाच्या गुऱ्हाळावरचा. कोल्हापुरातून निघून आम्ही गगनबावडा मागं टाकला, करूळ घाट उतरलो, खाली वैभववाडीच्या बाजूला चहा घेतला आणि भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, मुद्दाम दोघांच्या वजनानिशी आणि माझ्या पेटीनिशी परत चढायला लागलो. ते मागून सांगायचे, “गिअर पाडा. आता तसंच राहू द्या. आवाज ऐका.” ठरलेल्या ठिकाणी थांबलो की उतरून तेलाच्या टाकीचं झाकण उघडायचे, गेजपट्टी काढायचे आणि तिच्या जागी थर्मामीटर सोडून उकिडवे बसून राहायचे. साठीकडं झुकलेला माणूस, रस्त्याच्या कडेच्या तापलेल्या खडीवर, एका हातानं डोळ्यांवर सावली धरून पारा वाचतो आहे, हे मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

घाटमाथ्यावर पारा १२० च्या पुढं गेला होता. सगळी दुरुस्ती झाल्यानंतरचा हा आकडा. मेस्त्रींनी थर्मामीटर पुसला, नळीत घातला आणि म्हणाले, “गूळ झाला की वो डॉक्टर. तेलाला काकवीपर्यंत चालतंय. गुळाला आलं की थांबायचं.” मग थोडं थांबून, “लावू या कूलर.”

असं का होतं, ते परतीच्या वाटेवर त्यांनी समजावलं. मी माझ्या शब्दांत सांगतो. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम चौथा हिस्सा अशा इंजिनातून चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली काही सायलेन्सरमधून जाते, काही ब्लॉकच्या आणि हेडच्या पंखांतून हवेत जाते, आणि काही तेल वाहून नेतं. पंखांना वारा लागतो तो गाडीच्या वेगाचा. घाटात वेग नसतो, पण जाळ मात्र पुरता असतो. बीड अॅल्युमिनिअमच्या मानानं उष्णता हळू सोडतं. हे ३४६ सीसीचं, ७० मिलिमीटर बोर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन मुळात इंग्लंडमधल्या रेडिचच्या हवेत घडलं. १९५६ पासून मद्रासच्या तिरुवोत्तियूरला ते जुळायला आणि मग बनायला लागलं. सपाटीवर, मध्यम चालीनं ते जन्मभर कुरकुर करत नाही. माझ्यासारखं कॅन, पेटी आणि माणूस घेऊन मे महिन्यात डोंगर चढणं हे त्याच्यावर जास्तीचं ओझं होतं, आणि मेस्त्रींचं म्हणणं एवढंच होतं की ते ओझं खरंच आहे याची खात्री झाल्यावरच त्याला मदत द्यायची.

कूलर कुठला, हा पुढचा प्रश्न. बजाजनं २००७ मध्ये पल्सरच्या मोठ्या मॉडेलांना ऑइल कूलर द्यायला सुरुवात केली होती. तो छोटा, दाट पंखांचा अॅल्युमिनिअमचा कूलर आमच्या कामाच्या मापाचा होता. जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून मी एक घेऊन गेलो, बाहेरून अगदी कोरा. मेस्त्रींनी त्यात रॉकेल भरलं, दोन्ही तोंडं अंगठ्यांनी दाबून बराच वेळ हलवला आणि पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर रिकामा केला. फडकं उन्हात धरलं. रॉकेल उडून गेल्यावर कापडावर बारीक चमक राहिली, चांदीच्या भुकटीसारखी. “ह्याचं इंजिन जाम झालेलं हाय. चुरा आत बसलाय. ह्या पातळ वाटांतनं तो कधीच सगळा निघत न्हाई, आणि निघाला की तुमच्या रॉकरात जाणार.” कूलर त्यांनी तिथंच भंगाराच्या डब्यात टाकला. दुसरा आणला तो अपघातात मागून ठोकर बसलेल्या गाडीचा, इंजिन शाबूत असलेल्या. त्याचं फडकं स्वच्छ निघालं, तरी त्यांनी ते दोनदा केलं.

आता तेल कुठून घ्यायचं. बुलेटच्या या इंजिनात तेलाची टाकी वेगळी नाही, ती क्रँककेसच्या पोटातच आहे. टायमिंग कव्हरच्या आत एकाच दांड्यावर चालणारे दोन पंप असतात. एक तेल पुढं ढकलतो, दुसरा तळाला जमलेलं तेल उचलून परत टाकीत टाकतो. या दुसऱ्याची ताकद मुद्दाम जास्त ठेवलेली असते, म्हणजे तळाला तेल साचत नाही. मुख्य तेल कापडी फिल्टरमधून, एका छोट्या कॉर्कच्या सीलमधून क्रँकच्या टोकात शिरतं आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगला मिळतं. त्या वाटेत कूलर घातला तर तेल भरपूर थंड होईल, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मेस्त्रींनी ते ऐकूनही घेतलं नाही. “मोठ्या नाडीला हात लावायचा न्हाई. तिथं काय बिनसलं तर कळायच्या आत बेअरिंग जातंय.”

एक वाट मात्र इंजिनाच्या बाहेरून जाते. उजव्या बाजूनं क्रँककेसपासून वर हेडकडं एक बारीक नळी जाते, ती रॉकरना तेल देते. तिथून तेल पुशरॉडच्या बोगद्यांमधून खाली टायमिंगच्या बाजूला येतं आणि परत टाकीत. ही नळी काढायची, खालचं तेल आधी कूलरला न्यायचं आणि कूलरमधून हेडला, असं त्यांनी ठरवलं. “ह्या वाटेनं तेल थोडं जातंय, त्यामुळं फरक थोडाच पडंल, ते आधीच सांगतो. पर गार झालेलं तेल पयलं कुठं जाणार? जिथं सगळ्यात जास्त तापतंय तिथं. आणि फुटलंच कुठं, तर तेल तुमच्या पायावर येतंय, दिसतंय, थांबायला येळ मिळतोय.” मोठ्या इंजिनांचा इंजिनिअरही याहून जास्त काय सांगेल, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

एका कामात किती माणसं गुंतलेली असतात, हे मी त्या आठवड्यात पाहिलं. शेजारच्या गल्लीतल्या टर्नरनं कूलरच्या तोंडांना बसतील आणि बुलेटच्या बँजो बोल्टला जुळतील असे तुकडे लेथवर काढून दिले. बँजो बोल्टच्या पोटातलं भोक जरा मोठं करू का, असं त्यानं विचारलं. मेस्त्री म्हणाले, आहे तेच ठेव, तेल किती जायचं ते कंपनीनं ठरवलंय. तेलाला टिकणारा, जाळीचं अस्तर असलेला होस शिरोलीच्या एका दुकानात प्रेस करून मिळाला. ते दुकान साखर कारखान्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्यांचं. हंगामात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मे महिना होता म्हणून आमची हातभर लांबीची दोन कामं त्यांनी समोर बसवून केली.

तांब्याच्या वायसरांचं काम मेस्त्रींनी माझ्या हातून करवून घेतलं. नवे वायसर होते, तरी त्यांना ते कडक वाटले. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायचे आणि लगेच पाण्यात बुडवायचे. लोखंडाला असं केलं तर ते कडक होतं. तांबं मऊ होतं. मऊ झालेला वायसर बोल्ट आवळला की दोन्ही पृष्ठभागांवर पसरून बसतो आणि तेल गळत नाही. “पांढरी टेप कुठं लावायची न्हाई,” त्यांनी बजावलं, “तिचा धागा तुटला की बारक्या भोकात जाऊन बसतोय.” नायट्रोजनच्या कॅनमधून रेतमात्रा काढून कोमट पाण्यात धरायला माझे हात सरावलेले होते. वायसर लाल झाल्याचा नेमका क्षण पकडायला मला अडचण आली नाही, आणि मेस्त्रींनी त्याबद्दल मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला जो आनंद झाला तो माझ्या पदवीच्या निकालालाही झाला नसेल.

कूलर चेसिसच्या पुढच्या उभ्या पाइपवर बसला, पण मधोमध नाही. मेस्त्रींनी तो जरा खाली आणि एका अंगाला घेतला, म्हणजे हेडवर येणारा वारा अडणार नाही. गार करायला म्हणून लावलेली वस्तूच हेडच्या तोंडासमोर उभी राहिली, तर काय उपयोग? खाली रबरी बुशा घातल्या, कारण बुलेटच्या कंपनानं नुसत्या पट्टीला तडा जातोच. तेल खालच्या तोंडानं आत आणि वरच्या तोंडानं बाहेर, म्हणजे आतली हवा आपोआप वर निघून जाईल. सुरू करण्याआधी कूलर आणि नळ्या तेलानं भरायच्या होत्या. त्यासाठी त्यांनी माझ्या पेटीतली मोठी सिरिंज मागितली. मग हेडवरचा वरचा बोल्ट जरा सैल ठेवून त्यांनी गाडी सुरू केली आणि वाकून बघत राहिले. काही क्षणांनी बोल्टच्या कडेनं तेल झिरपलं. त्यांनी बोल्ट आवळला, फडक्यानं पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले.

पुढच्या रविवारी परत घाट. तीच वेळ, तीच पेटी, मागं मेस्त्री आणि त्यांचा थर्मामीटर. घाटमाथ्यावर पारा ११० च्या जवळ थांबला. ते काही बोलले नाहीत. थर्मामीटर माझ्या हातात दिला, म्हणजे मीही वाचावा. मी वाचला.

आता खरं सांगायचं तर मोठं काम अजून राहिलंच होतं, आणि ते मला सुचलं नसतं. गगनबावडा हे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आमच्याकडं सूर्य दिसत नाही, आणि गार वारं अंगात शिरतं. तेल पुरेसं तापलं नाही, तर ज्वलनातून खाली उतरलेलं पाणी आणि पेट्रोल त्यातून उडून जात नाही. झाकण उघडलं की आतल्या बाजूला पांढरा, तुपकट फेस दिसतो. तेलानं ८०-९० अंश गाठायलाच हवेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मेस्त्रींचा फोन आला: “पाऊस लागायच्या आत येऊन जावा.” गेलो तर त्यांनी चप्पल करणाऱ्या एका कारागिराकडून कूलरच्या मापाची कातड्याची झूल करून आणली होती, कडेनं शिवलेली, दोन बक्कलांची. कोल्हापुरी चपलेला लावतात तेच कमावलेलं कातडं. पावसाळ्यात बांधायची, दसऱ्यानंतर उन्हं तापली की काढायची. ती मी पुढची कितीतरी वर्षं बांधली आणि काढली, आणि बक्कल लावताना दरवेळी मला हेच वाटायचं की या माणसानं माझ्या इंजिनाचा पावसाळासुद्धा आपल्या डोक्यात ठेवला होता.

त्या कूलरमुळं किती जनावरं वाचली याचा हिशोब कोणी ठेवत नाही, मीही ठेवला नाही. पण भर उन्हाळ्यात रात्री-अपरात्री बोलावणं आलं तर गाडी जाईल का, हा विचार माझ्या मनात परत आला नाही. गोठ्यात बसलेल्या म्हशीच्या शिरेत सुई घालताना हात स्थिर असतो तो आपण वेळेत आलो आहोत हे माहीत असल्यामुळं. त्या स्थिरपणात मेस्त्रींचा वाटा होता. टर्नरचा, शिरोलीच्या होसवाल्याचा, चप्पल करणाऱ्याचाही. गावातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. ते “डॉक्टर आला” एवढंच म्हणायचे आणि मला चहा द्यायचे. तो चहा घेताना मला दरवेळी संकोच वाटे, कारण त्याचे वाटेकरी उद्यमनगरात बसलेले होते.

२०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली. कंपनीनंच तिला पुढच्या बाजूला ऑइल कूलर दिला होता. गॅरेजसमोर एका पोरानं ती आणून उभी केली तेव्हा मी तिथं होतो. मेस्त्री उठून गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि कूलर, त्याच्या नळ्या, त्याची जागा बारकाईनं बघत राहिले. नळ्या कुठून निघतात, रबर कुठं घातलंय, वारा कसा येतो. बराच वेळ. मग मागं वळून म्हणाले, “चांगलं केलंय. वारा अडीवला न्हाई.” कुणी त्यांना विचारून केलं असतं तर जेवढा आनंद झाला असता तेवढाच त्यांच्या तोंडावर होता.

मेस्त्री गेल्याला आता काही वर्षं झाली. गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो. त्याच्याकडं लॅपटॉप आहे, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या तो हौसेनं करतो, आणि माझी बुलेट आली की हातातलं काम बाजूला ठेवतो. मी निवृत्त झालो. मागं कॅन नाही, घाटही क्वचित. कूलर काढून टाकू का, असं मी त्याला एकदा विचारलं. त्यानं तेल तपासलं, झाकणाची आतली बाजू बोटानं पुसून बघितली, आणि मग मलाच विचारलं, “काका, तुमी आता जाता कुठं कुठं? उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती? सांगा, मग ठरवू.” बापाचाच प्रश्न. मी सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, आणि कूलर अजून आहे तिथं आहे.

बिलाचं सांगायचं राहिलं. कूलर बसवून झाल्यावर मी मेस्त्रींना मजुरी विचारली तेव्हा त्यांनी वहीचं पान फाडून दिलं. अक्षर मोठं आणि वळणदार. कूलर, होस, टर्नरचे, वायसर, तेल, ब्रेक लायनर, मजुरी, सगळं बाजारभावानं, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. घाटातल्या दोन्ही रविवारांची मजुरी कुठंच नव्हती. मी म्हटलं, तुमचा खाडा झाला, तो लावा. ते म्हणाले, “ते काम न्हवतं. ते बघणं होतं. बघायचं पैसं घेतलं तर बघण्यात खोट येत्या.” मी परत आग्रह केला तर त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं, पेन्सिल कानावरून काढली आणि बेरजेच्या खाली आणखी एक ओळ लिहिली: वजा, घाटाच्या पेट्रोलचा निम्मा वाटा.

“हे कशाला, मेस्त्री?”

“मी बी फिरून आलो की,” ते म्हणाले. “इतकी वर्षं घाटाच्या गाड्या दुरुस्त करतोय, घाट कुठं बघितला होता?”

मी वजाबाकी करून उरलेले पैसे मोजले. त्यांनी ते परत एकदा मोजून गल्ल्यात टाकले आणि पुढच्या गाडीचं टायमिंग कव्हर उघडायला बसले.